मॉड टाकायचाय, पण गेमचं फोल्डर नेमकं कोणतं?

मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या किंवा नवं काही आणणाऱ्या, बहुतेक वेळा चाहत्यांनीच बनवलेल्या फाइल्स. मॉडसोबत येणाऱ्या सूचना बहुतेक वेळा एका ओळीत संपतात: 'ही फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका.' लिहिणाऱ्याने ते फोल्डर शेकडो वेळा उघडलेलं असतं, म्हणून त्याला एवढं पुरेसं वाटतं. पहिल्यांदा मॉड टाकणारा मात्र त्याच ओळीवर अडतो. माझ्याकडे विचारायला येतात त्यांतल्या बहुतेकांचा मॉड चांगला असतो, गेमही व्यवस्थित चालत असतो, फक्त फाइल भलत्या ठिकाणी पडलेली असते. 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून ते सोडून देतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांचं काम राहिलेलं असतं.

हा लेख मुख्यतः विंडोजवर खेळणाऱ्यांसाठी आहे. मॅक, स्टीम डेक (हातात धरून खेळायचं यंत्र) आणि फोनबद्दल शेवटी थोडं लिहिलंय. फोल्डरची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील. › ही खूण आली की 'त्याच्या आत' असं वाचा.

आधी ठरवा: मॉडला कोणतं घर हवंय?

'गेमचं फोल्डर' हे एकच असतं, हा समज पहिल्यांदा सोडा. बहुतेक गेमचा पसारा तीन ठिकाणी, म्हणजे तीन घरांत असतो. पहिलं ठिकाण म्हणजे जिथे गेम इन्स्टॉल झाला, जिथे त्याची ईएक्सई फाइल, म्हणजे गेम चालू करणारी फाइल आहे. दुसरं म्हणजे तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये गेमने स्वतः तयार केलेलं फोल्डर. तिसरं अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या आत. मॉड यांपैकी कुठल्या ठिकाणचा आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

याचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७. हा गेम २००६च्या नोव्हेंबरमध्ये आला, म्हणजे आयपीएल सुरू व्हायच्या आधी. २००८मध्ये आयपीएल आली आणि गेममध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता हे संघ हवेसे वाटायला लागले. ते चाहत्यांनी पॅच करून आणले. आमच्या हॉस्टेलवर असे पॅच पेन ड्राइव्हवरून खोल्याखोल्यांतून फिरायचे. त्या पॅचमध्ये दोन प्रकारच्या फाइल्स असायच्या. जर्सी, बॅट, चेहरे, मैदानं यांच्या फाइल्स गेम इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये जायच्या. संघात कोण खेळाडू आहेत हे सांगणारी रोस्टरची फाइल, जिच्या नावाशेवटी आरओएस असतं, ती डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या नावाच्या फोल्डरमध्ये जायची. सगळंच एका जागी टाकलं की जर्सी नवीन दिसायची आणि ती घालून जुनेच खेळाडू उतरायचे. मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं. पॅच बिघडलेला आहे असं समजून तो तीन वेळा पुन्हा कॉपी केला, आणि चौथ्या वेळी शेजारच्या खोलीतल्या मित्राने डॉक्युमेंट्स उघडून दाखवलं.

आजचे गेमही असेच वाटलेले आहेत. काही लोकप्रिय गेमचं सांगतो.

स्टारड्यू व्हॅलीचे मॉड पहिल्या घरात जातात. स्मॅपी नावाचा मॉड चालवणारा प्रोग्राम आधी बसवायचा, तो इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये 'मॉड्स' हे फोल्डर तयार करतो. स्कायरिमचे मॉडही पहिल्याच घरात, पण 'डेटा' या आतल्या फोल्डरमध्ये.

द सिम्स ४ दुसऱ्या घरातला: डॉक्युमेंट्स › इलेक्ट्रॉनिक आर्ट्स › द सिम्स ४ › मॉड्स. युरो ट्रक सिम्युलेटर २ सुद्धा दुसऱ्याच घरातला: डॉक्युमेंट्स › युरो ट्रक सिम्युलेटर २ › मॉड. इथे नाव एकवचनी आहे. 'मॉड' हे फोल्डर नसेल तर तुम्हीच तयार करा, फक्त त्याचं स्पेलिंग तसंच ठेवा.

या ट्रकवाल्या गेमपाशी जरा थांबतो, कारण इथे फसायला अगदी सोपं आहे. त्याचे मॉड एससीएस प्रकारच्या फाइल्स असतात. इन्स्टॉलचं फोल्डर उघडलं की तिथेही बेस डॉट एससीएस आणि तशाच बऱ्याच फाइल्स ओळीने दिसतात. साहजिकच वाटतं की आपली फाइल यांच्याच शेजारी बसणार. पण त्या गेमच्या स्वतःच्या फाइल्स आहेत आणि गेम मॉड शोधायला तिथे जात नाही. भारतीय बस किंवा ट्रकचा मॉड उतरवून तो यादीत दिसत नाही असं कुणी सांगितलं, तर मी आधी हेच विचारतो.

मायनक्राफ्टची जावा आवृत्ती तिसऱ्या घरातली. तिचं फोल्डर अ‍ॅपडेटा › रोमिंग › डॉट मायनक्राफ्ट असं आहे, आणि मॉड त्यातल्या 'मॉड्स'मध्ये जातात. त्याआधी फोर्ज किंवा फॅब्रिक हा मॉड चालवणारा प्रोग्राम बसवलेला असावा लागतो.

तुमचा गेम यांत नसेल तर मॉडच्या पानावरचं वर्णन पूर्ण वाचा. 'जिथे ईएक्सई आहे तिथे' असं लिहिलं असेल तर पहिलं घर, 'डॉक्युमेंट्स' किंवा 'युजर' असा शब्द असेल तर दुसरं, टक्क्याच्या खुणांमध्ये लिहिलेला पत्ता असेल तर तिसरं.

इन्स्टॉलचं फोल्डर कसं सापडतं

इंटरनेटवरून 'अमुक गेमचा पत्ता' शोधून तो टाइप करू नका. तो लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता असतो. तुम्ही गेम डी ड्राइव्हवर टाकला असेल तर तो तुमच्या उपयोगाचा नाही. ज्या दुकानातून गेम घेतला त्यालाच विचारायचं.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात लायब्ररी उघडा, गेमच्या नावावर राइट क्लिक करा, 'मॅनेज' आणि मग 'ब्राउझ लोकल फाइल्स' निवडा. बरोबर फोल्डर थेट उघडतं. मूळ सेटिंग असेल तर ते सी ड्राइव्ह › प्रोग्राम फाइल्स एक्स८६ › स्टीम › स्टीमअ‍ॅप्स › कॉमन या ठिकाणी असतं, आणि दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर बहुतेक वेळा डी ड्राइव्ह › स्टीमलायब्ररी › स्टीमअ‍ॅप्स › कॉमन असं.

तिथे 'कॉमन'च्या शेजारी 'वर्कशॉप' नावाचं आणखी एक फोल्डर दिसेल. त्यात 'कंटेंट', आणि त्याच्या आत नुसते आकडे असलेली फोल्डरं. हे आकडे म्हणजे स्टीमवरचा प्रत्येक गेमचा क्रमांक. स्टारड्यू व्हॅलीचा ४१३१५०, युरो ट्रक सिम्युलेटर २चा २२७३००, स्कायरिम स्पेशल एडिशनचा ४८९८३०. तुम्ही स्टीम वर्कशॉपमध्ये 'सबस्क्राइब' केलेले मॉड तिथे आपोआप उतरतात, त्यामुळे त्यांच्यासाठी फोल्डर शोधायची गरजच नाही. बाहेरून आणलेला मॉड मात्र तिथे टाकू नका. ती जागा स्टीम स्वतः सांभाळतं. गेमचा क्रमांक लक्षात ठेवा, पुढे स्टीम डेकच्या वेळी लागेल.

एपिक या दुकानाच्या लाँचरमध्ये, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, गेमच्या नावाशेजारची तीन टिंबं दाबा, 'मॅनेज' उघडा. तिथे इन्स्टॉलेशनच्या ओळीत फोल्डरचं छोटं चित्र असतं, ते दाबा. गॉग या दुकानाच्या गॅलेक्सी नावाच्या लाँचरमध्ये 'मॅनेज इन्स्टॉलेशन'मध्ये 'शो फोल्डर' आहे. गॉगवरून नुसता इन्स्टॉलर उतरवून गेम टाकला असेल तर सी ड्राइव्हमधलं 'गॉग गेम्स' हे फोल्डर बघा.

एक्सबॉक्स अ‍ॅप किंवा गेम पासवरून आलेले गेम हल्ली सी ड्राइव्हमधल्या 'एक्सबॉक्सगेम्स'मध्ये बसतात, आणि खरा माल गेमच्या नावाच्या आतल्या 'कंटेंट'मध्ये असतो. अ‍ॅपमध्ये गेमच्या 'मॅनेज'मधून 'फाइल्स' आणि 'ब्राउझ' केलं की तिथे पोचता येतं. जुन्या पद्धतीने बसलेले काही गेम 'विंडोजअ‍ॅप्स' या कुलूपबंद फोल्डरात असतात. त्या फोल्डरचे हक्क बदलण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ सापडतील. माझं स्पष्ट मत आहे की नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. विंडोजची इतर अ‍ॅप्सही त्याच फोल्डरात राहतात.

आणि कुठल्याच दुकानातून न घेतलेला, सीडीवरून टाकलेला जुना गेम असेल तर? डेस्कटॉपवरच्या त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. ही युक्ती स्टीमने बनवलेल्या आयकॉनला चालत नाही. तो आयकॉन खरं तर एक इंटरनेट दुवा असतो, तो फक्त स्टीमला 'अमुक क्रमांकाचा गेम चालव' असं सांगतो.

सगळीकडे चालणारी एक पद्धत आहे आणि मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. गेम सुरू करा. मेन्यूपर्यंत पोचला की ऑल्ट आणि टॅब दाबून बाहेर या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डीटेल्स' या भागात जा, गेमच्या नावाची ओळ शोधा, राइट क्लिक करा आणि 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. आत्ता जी फाइल चालते आहे तिचीच जागा समोर येते. एखाद्या गेमच्या दोन प्रती तुमच्या मशीनवर असतील, एक जुनी विसरलेली आणि एक नवीन, तर कोणती खरोखर चालते हे फक्त याच पद्धतीने कळतं. एकच काळजी घ्या: काही गेमचा लाँचर वेगळा असतो आणि गेम वेगळा. दोन्ही यादीत दिसले तर ज्याने जास्त मेमरी घेतली आहे तो गेम.

हे फोल्डर बरोबर आहे, हे कशावरून?

फोल्डर उघडल्यावर लगेच पेस्ट करू नका. क्षणभर आत काय काय आहे ते बघा.

स्कायरिम स्पेशल एडिशन असेल तर समोर स्कायरिमएसई नावाची ईएक्सई आणि 'डेटा' हे फोल्डर दिसलं पाहिजे. 'डेटा'च्या आत ईएसएम आणि बीएसए प्रकारच्या मोठमोठ्या फाइल्स असतात. मॉडची ईएसपी फाइल त्यांच्या शेजारी बसते. पण बऱ्याच मॉडना लागणाऱ्या स्क्रिप्ट एक्स्टेंडर या जोड-प्रोग्रामचा लाँचर 'डेटा'त टाकायचा नाही, तो एक पायरी वर, ईएक्सईच्या शेजारी ठेवायचा. एकाच गेममध्ये दोन मॉडना दोन वेगळ्या पायऱ्या लागतात, म्हणून 'स्कायरिमचे मॉड डेटात जातात' एवढंच पाठ केलेला माणूस इथे अडखळतो.

युनिटी या इंजिनवर (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) बनलेला गेम ओळखायला सोपा. ईएक्सईच्या शेजारी युनिटीप्लेअर ही डीएलएल फाइल असते, आणि गेमच्या नावापुढे अधोरेषा आणि 'डेटा' असं जोडलेलं एक फोल्डर. अशा गेमना बऱ्याचदा बेपइनएक्स नावाचा मॉड-लोडर लागतो. त्याची झिप उघडून आतला सगळा माल ईएक्सईच्या शेजारी ठेवायचा आणि गेम एकदा चालवून बंद करायचा. पहिल्यांदा चालल्यावर बेपइनएक्सच्या फोल्डरात कॉन्फिग आणि लॉगची फाइल तयार होते. ती झाली म्हणजे जागा बरोबर आहे. नाही झाली तर पुढचा कुठलाही मॉड टाकण्यात अर्थ नाही, आधी इथेच दुरुस्ती करा. मॉड मग बेपइनएक्स › प्लगइन्समध्ये जातात.

अनरिअल इंजिनच्या गेममध्ये वेगळाच घोळ. सगळ्यात वरच्या फोल्डरात एक छोटी ईएक्सई असते, ती नुसती दार उघडणारी. खरी, मोठी ईएक्सई आत असते: गेमचं नाव › बायनरीज › विन६४. तिच्या नावात 'शिपिंग' हा शब्द येतो. टास्क मॅनेजरवरून शोधलं तर तुम्ही थेट इथे पोचता. मग मॉडची पाक फाइल टाकायला दोन पायऱ्या वर येऊन कंटेंट › पाक्समध्ये जावं लागतं. बऱ्याच गेममध्ये तिथे 'मॉड्स' नावाचं फोल्डर करायचं असतं, नावाच्या आधी ~ ही नागमोडी रेघेची खूण लावून. तुमच्या गेमला ती लागते का, हे मॉडच्या पानावर पाहून घ्या.

याच टप्प्यावर एक सेटिंग बदलून ठेवा. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट दाखवत नाही, त्यामुळे ईएक्सई कोणती, डीएलएल कोणती आणि नुसती सेटिंगची फाइल कोणती हे कळत नाही. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'वर टिक करा. तिथेच 'हिडन आयटम्स'वरही करा.

डॉक्युमेंट्स दोन असतात तेव्हा

दुसऱ्या घरातल्या गेमांची सगळ्यात मोठी अडचण वनड्राइव्हमुळे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीमुळे होते. नवीन लॅपटॉप सुरू करताना बॅकअपच्या पडद्यावर 'हो' म्हटलं की तुमचं डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या आत हलतं. मग सी ड्राइव्ह › युजर्स › तुमचं नाव › डॉक्युमेंट्स हे एक आणि सी ड्राइव्ह › युजर्स › तुमचं नाव › वनड्राइव्ह › डॉक्युमेंट्स हे दुसरं, अशी दोन फोल्डरं होऊ शकतात. तुम्ही मॉड एकात टाकता, गेम दुसऱ्यात बघतो.

कोणतं खरं ते असं तपासा: फाइल एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीतल्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'लोकेशन'. तिथे दिसतो तो पत्ता विंडोज सध्या वापरतं. तरीही खात्री नसेल तर गेम उघडा, एखादी साधी सेटिंग बदला, आवाज कमी करा समजा, आणि बाहेर पडा. आता दोन्ही ठिकाणच्या गेमच्या फोल्डरात 'डेट मॉडिफाइड' बघा. ज्यातल्या फाइलवर आत्ताची वेळ पडली आहे ते गेमचं चालू फोल्डर. ही युक्ती तिसऱ्या घरालाही लागू पडते आणि मी ती आजही वापरतो.

फोल्डर मुळात दिसतच नसेल तर गेम अजून एकदाही चालवलेला नसेल. डॉक्युमेंट्समधलं फोल्डर इन्स्टॉलच्या वेळी नाही, पहिल्या वेळी गेम सुरू झाल्यावर तयार होतं.

सिम्स ४च्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. स्क्रिप्टचे मॉड, म्हणजे नावाशेवटी टीएसफोरस्क्रिप्ट असणारे, 'मॉड्स'च्या आत फार तर एका उपफोल्डरात ठेवा. त्याहून खोल ठेवले तर गेम ते वाचत नाही. आणि गेमच्या 'अदर' सेटिंगमध्ये मॉड चालू करण्याची आणि स्क्रिप्ट मॉडना परवानगी देण्याची अशा दोन वेगळ्या टिका आहेत. फोल्डर बरोबर असूनही काही होत नसेल तर तिथे बघा.

अ‍ॅपडेटा

हे लपलेलं असतं, म्हणून शोधत बसण्यापेक्षा थेट हाक मारा. विंडोजचं बटन आणि आर दाबा. छोटी खिडकी येईल. तिच्यात %अ‍ॅपडेटा% हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. यामुळे 'रोमिंग' उघडतं. मायनक्राफ्टचं डॉट मायनक्राफ्ट इथेच आहे. स्टारड्यू व्हॅलीच्या नावाचंही एक फोल्डर इथे दिसेल, पण त्यात तुमच्या शेतांचे सेव्ह आणि स्मॅपीचे लॉग असतात. मॉड तिथे टाकायचे नाहीत. नाव जुळलं म्हणून फसणारे मी बरेच पाहिले आहेत.

'रोमिंग'मधून एक पायरी वर गेलात की 'लोकल' आणि 'लोकललो' दिसतात. युनिटीवरचे पुष्कळ गेम सेव्ह 'लोकललो'मध्ये, आधी कंपनीच्या नावाच्या आणि मग गेमच्या नावाच्या फोल्डरात ठेवतात.

जुने गेम आणि गुपचूप तयार होणारी दुसरी प्रत

हा भाग जुने गेम खेळणाऱ्यांसाठी. क्रिकेट ०७ किंवा जीटीए सॅन अँड्रियाससारखे गेम ज्या काळात आले तेव्हा प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला प्रोग्रामना मोकळीक होती. विंडोज व्हिस्टापासून ती बंद झाली. पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून विंडोजने एक सोय केली. असा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये काही लिहायला गेला की विंडोज ती फाइल गुपचूप अ‍ॅपडेटा › लोकल › व्हर्च्युअलस्टोअरमध्ये ठेवतं. प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्याच फोल्डरात लिहिलं. पुढच्या वेळी वाचतानाही त्याला व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत आधी मिळते.

यामुळे असं होतं: तुम्ही प्रोग्राम फाइल्समधली फाइल बदलता, बदललेली फाइल डोळ्यांनी दिसते, तरी गेम जुनीच दाखवतो. असं झालं तर व्हर्च्युअलस्टोअर उघडून त्यात तुमच्या गेमचं फोल्डर आहे का बघा. असेल तर ते दुसरीकडे हलवून ठेवा आणि गेम पुन्हा चालवा. कायमचा उपाय म्हणजे जुना गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकायचाच नाही. डी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं साधं फोल्डर करा आणि तिथे इन्स्टॉल करा. मॉड टाकताना दर वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागणाऱ्या खिडक्याही मग येत नाहीत.

झिपच्या आतलं फोल्डर

जागा बरोबर, तरी मॉड चालत नाही, असं असेल तर झिपमध्ये किती थर आहेत ते बघा. झिपवर डबल क्लिक करून आतून फाइल ओढू नका. आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करून डेस्कटॉपवर मोकळी करा आणि मग बघा.

'एक्स्ट्रॅक्ट ऑल' झिपच्या नावाचं एक फोल्डर तयार करतं, आणि मॉड करणाऱ्यानेही बहुतेक वेळा त्याच नावाचं एक फोल्डर आत ठेवलेलं असतं. ते एकात एक असतं. स्टारड्यू व्हॅलीत मॉड्स › मॉडचं नाव › मॅनिफेस्टची (मॉडची ओळख सांगणारी) फाइल, असं दिसायला हवं. स्कायरिमच्या झिपमध्ये 'डेटा' नावाचं फोल्डर असेल तर ते गेमच्या 'डेटा'त टाकायचं नाही, नाहीतर 'डेटा'च्या आत 'डेटा' होतं. ते बाहेरच्या फोल्डरात टाका, विंडोज दोन्ही एकत्र करेल.

'ही फाइल आधीच आहे, बदलू का?' असं विंडोजने विचारलं तर थांबा. हा प्रश्न काही वेळा चांगली खूण असते: जर्सीचा मॉड जुन्या जर्सीची फाइल बदलणार असेल तर प्रश्न यायलाच हवा, आणि आला नाही तर जागा चुकली आहे. पण 'हो' म्हणण्याआधी जुनी फाइल एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करून ठेवा. स्टीमवर 'व्हेरिफाय इंटेग्रिटी ऑफ गेम फाइल्स' करून मूळ फाइल्स परत आणता येतात. तुम्ही नव्याने टाकलेल्या जास्तीच्या फाइल्स मात्र तशाच राहतात, त्या हातानेच काढाव्या लागतात.

आधी एकच मॉड टाका

पहिल्या दिवशी वीस मॉड टाकू नका. एक छोटा, जो चालतोय हे लगेच दिसेल असा निवडा. स्टारड्यू व्हॅलीत मला ही गोष्ट फार आवडते: गेम स्मॅपीमार्फत सुरू केला की काळी खिडकी उघडते आणि 'मॉड इथे टाका' अशा अर्थाच्या ओळीत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. किती मॉड वाचले हेही खाली येतं. पत्ता आणि तुम्ही टाकलेली जागा जुळवून बघा. युरो ट्रकमध्ये प्रोफाइलच्या पडद्यावर 'मॉड मॅनेजर' आहे, त्यात मॉडचं नाव दिसलं म्हणजे जागा बरोबर. मग तो चालू करायचा तेवढा राहतो.

व्होर्टेक्स किंवा मॉड ऑर्गनायझर २ असा मॉड सांभाळणारा प्रोग्राम (मॅनेजर) वापरणार असाल तर तेही सुरुवातीला गेमचं फोल्डर विचारतात. तिथे ईएक्सई असलेलं फोल्डर द्या, 'डेटा' किंवा 'मॉड्स' नको. मॉड ऑर्गनायझर मॉड स्वतःकडेच ठेवतो आणि गेम चालताना तात्पुरते जोडतो, त्यामुळे गेमच्या 'डेटा'त काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. फक्त गेम त्याच्यातूनच सुरू करा. माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन मॉड हाताने टाका आणि मग मॅनेजरकडे जा. एकदा हाताने टाकले की मॅनेजर काय करतोय ते कळतं.

मॅक, स्टीम डेक, फोन

मॅकवरही स्टीमचं 'ब्राउझ लोकल फाइल्स' चालतं. गेम एकाच आयकॉनसारखा दिसला तर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' निवडा. स्टारड्यू व्हॅलीचं 'मॉड्स' हे कंटेंट्स › मॅकओएस या ठिकाणी असतं.

स्टीम डेकवर आधी डेस्कटॉप मोडमध्ये जा. स्टीम डेक लिनक्सवर चालतो, म्हणून विंडोजचे गेम तिथे प्रोटॉन नावाच्या प्रोग्राममधून चालतात, आणि प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह तयार होतो. तो स्टीमअ‍ॅप्स › कॉम्पॅटडेटा › गेमचा क्रमांक › पीएफएक्स › ड्राइव्ह सी असा सापडतो, आणि डॉक्युमेंट्स त्यातल्या युजर्स › स्टीमयुजरच्या आत. वर सांगितलेला क्रमांक इथे लागतो. लिनक्सवर इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात, हेही लक्षात असू द्या.

फोनवर अँड्रॉइड ११पासून अ‍ॅपचा डेटा असलेलं अँड्रॉइड › डेटा हे फोल्डर साध्या फाइल मॅनेजरला उघडता येत नाही. त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या पायऱ्या आज बऱ्याचदा चालत नाहीत. बसच्या गेममध्ये लालपरी आणायची असेल तर आधी गेममध्येच मॉड आत घेण्याचं बटन आहे का ते बघा.

एवढं करूनही अडलात तर मदत मागताना तीन गोष्टी द्या: गेम कुठून घेतला, मॉडचं नाव, आणि तुम्ही टाकलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता. पत्ता टाइप करू नका. विंडोज ११मध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की 'कॉपी अ‍ॅज पाथ' मिळतं, विंडोज १०वर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. पाठवण्याआधी त्यातलं युजर्सनंतरचं नाव पुसा. बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर तिथे स्वतःचं किंवा वडिलांचं पूर्ण नाव असतं.